पापणी लवणाऱ्यांसाठी

दमयंतीच्या स्वयंवरात पाच नल बसले होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचं रूप घेऊन आलेले, पाचवा खरा. वनपर्वात ओळखीच्या खुणा दिल्या आहेत: देवांना घाम नव्हता, त्यांच्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय जमिनीला टेकले नव्हते आणि पापण्या लवत नव्हत्या. नलाला सावली होती, अंगावर धूळ होती आणि त्याची पापणी लवत होती. दमयंतीनं त्याच्याच गळ्यात माळ घातली. उल्हासनगरच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. ही गोष्ट सांगितली की मुलं सावलीपाशी रेंगाळतात. मी अलीकडे पापणीपाशी थांबते.

कारण माझेच डोळे. उत्तरपत्रिका आता संगणकावर तपासायच्या असतात. स्कॅन केलेलं अक्षर कुठे फिकट, कुठे तिरकं. पोराचा अर्धा गुणही जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून वाचायचं. दुपारपर्यंत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं आणि संध्याकाळी बदलापूर गाडीत खिडकीचा वारा लागला की घळाघळा पाणी. आई म्हणाली, "अगं, एवढं पाणी येतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे?"

आईच्या शंकेचं उत्तर डॉक्टरांनी नीट दिलं. बुबुळावर अश्रूंचा अगदी पातळ थर असतो: खाली बुळबुळीत, मधे पाण्याचा आणि सगळ्यात वर तेलाचा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पापणी पूर्ण मिटली तरच पसरतं. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण 15 वेळा लवते. पडद्यासमोर ती 5-7 वर येते, त्यातही निम्मीअर्धी वरच्यावर लवून परत जाते. तेल पसरत नाही, खालचं पाणी उडून जातं, बुबुळ उघडं पडून चुरचुरतं आणि त्या चुरचुरीला उत्तर म्हणून डोळा एकदम पाणी सोडतो. ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्याला पुरत नाही. पन्नाशीच्या पुढे बायकांना हा त्रास अधिक होतो, हेही त्यांनी सांगितलं.

मला अडलं ते पुढे. पापणी थांबते ती मन गुंतल्यामुळे. म्हणजे ज्या एकाग्रतेचं आपल्या परंपरेनं एवढं कौतुक केलं, तिचीच ही शिक्षा का? भागवतातल्या गोपी तर कृष्णाला पाहताना मधे पापणी येते म्हणून ती घडवणाऱ्या ब्रह्मदेवाला मूर्ख ठरवतात. हठयोगात त्राटक आहे, तिथेही पापणी न लववताच बघायचं.

पण त्राटकाचा विधी नीट वाचला की एक गोष्ट दिसते. 'हठयोगप्रदीपिका' सांगते, सूक्ष्म लक्ष्याकडे अश्रू येईपर्यंत बघा. अश्रू आले की थांबायचं. दिव्यावर त्राटक करणारे मग डोळे मिटतात आणि ज्योत आत पाहतात. त्या बघण्याला शेवट आहे आणि तो शरीरानं ठरवलेला आहे. माझी मुलगी बदलापूरहून दादरला जाताना सगळा वेळ फोनमध्ये असते. तिच्या डोळ्यांतही पाणी येतं, ते ती ओढणीनं टिपते आणि अंगठा पुन्हा वर सरकवते. अश्रूंनी दिलेली खूण तिथे कुणी मानतच नाही. माझं भांडण एकाग्रतेशी नाही, या न मानण्याशी आहे. (त्राटकानं नेत्ररोग जातात, असं हठयोगाचे ग्रंथ म्हणतात. कोरड्या डोळ्यांवर तो उपाय म्हणून मी कुणाला सांगणार नाही.)

अंबरनाथचं शिवमंदिर आमच्या वाटेवरच. शिलाहारांच्या काळातलं, तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे 1060 साल आहे. काळ्या दगडाच्या भिंती मूर्तींनी गच्च भरलेल्या. तिथे तास तास बघूनही डोळे कधी खुपले नाहीत. ऊन आहे, वालधुनीकडचा वारा आहे, वर औद्योगिक वसाहतीची हवा, तरीही. कारण ते मंदिर एका जागी उभं राहून दिसतच नाही. कोनाड्यातून पुढच्या कोनाड्याकडे वळावं लागतं, शिखराकडे मान वर करावी लागते, गाभाऱ्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. नजर लांब वळली की पापणी बहुधा आपोआप लवते. प्रदक्षिणा म्हणजे पापणी लवणाऱ्यांसाठी केलेली बघण्याची रीत आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

वर्गात हे बोलले तेव्हा कॅम्प पाचमधली एक सिंधी मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचे झुलेलाल माशावर बसलेत. माशाची पापणी कुठे लवते?" तिचं म्हणणं किती मोलाचं! मासा पाण्यातच असतो, त्याच्या डोळ्याला पाणी पुरवावं लागत नाही. आपण जमिनीवरची माणसं आपलं पाणी आपणच डोळ्यात बाळगतो आणि क्षणोक्षणी पसरवतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात श्वासाबरोबर पापण्यांची उघडझापही मोजली आहे, ज्ञानी ज्याबद्दल 'मी करतो' म्हणत नाही अशा क्रियांत. आम्हाला मात्र तीच उघडझाप आठवण ठेवून करायची वेळ आली आहे.

मी ती करते. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली घेतला, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांपलीकडे बघते. पंख्याचा झोत तोंडावर नको. रात्री कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मिटल्या पापण्यांवर ठेवते, त्यानं ग्रंथींतलं तेल सुटतं. थेंब डॉक्टरांनी दिलेले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. गुलाबपाणी, मध काहीही नाही. लाली घालवणारे थेंब तर दुकानातून स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. दुखायला लागलं, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं तर थेट डॉक्टर.

आणि उत्तरपत्रिका संपली की डोळे मिटते, एकूण गुणांवर शिक्कामोर्तब त्यानंतर. वाचताना अक्षरातच अडकलेली असते; मिटल्यावर त्या पोराला काय म्हणायचं होतं ते पुष्कळदा उलगडतं आणि एखादा गुण वाढतो. दिवसाकाठी माझे पेपर इतरांपेक्षा कमी होतात. वरून विचारणा झाली, तेव्हा मी कारण सांगितलं आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.