लाटणं आणि मालकी

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपयांचं, तेही उसनं. त्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ची ही सुरुवात आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यांनी काय नाकारलं, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी फार लवकर ठरवलं. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड निघत; हलक्या प्रतीचे स्वस्तात विकले जात. संस्थेचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांच्या सल्ल्यावरून तेही थांबलं आणि एकच प्रत राहिली, उत्तम. हातात पैसा नसताना स्वस्त मालाचं गिऱ्हाईक सोडणं सोपं नसतं. संस्थेची मूल्यं कोणती हे तिच्या घोषणांवरून कळत नाही. ती कशापायी तोटा सोसते, हे बघितलं की कळतं.

तिथला रोजचा क्रम साधा आहे. सकाळी बहेन, म्हणजे संस्थेची सभासद बाई, शाखेत येते, आदल्या दिवशी घरी लाटून वाळवलेले पापड देते, त्यांची तपासणी होते, वजनाप्रमाणे मजुरी मिळते आणि मळलेलं नवं पीठ घेऊन ती घरी जाते. पीठ मळणारी, वजन करणारी, पाकिटं भरणारी, शाखा चालवणारी संचालिका, सगळ्या बहेनच आणि सगळ्याच मालकिणी. हिशेबनीस किंवा चालक म्हणून पुरुष पगारावर असतात, पण त्यांना सभासद होता येत नाही. त्यामुळे जाड लाटलेला पापड बाजूला काढणारी बाई कुणाची साहेब नसते. खराब माल बाजारात गेला तर नुकसान दोघींचं असतं. शिस्त कडक असूनही ती अपमान वाटू नये, याची सोय अशी मालकीतच झालेली आहे.

आज कितीतरी कंपन्या नोकरदारांना ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं सांगतात. मंदी आली की त्याच कुटुंबातल्या माणसांना एका संध्याकाळी पत्रं मिळतात. हे मला मनापासून खटकतं, कारण त्यात एका चांगल्या शब्दावरचा विश्वासच उडतो. लिज्जतमध्ये ‘बहेन’ या हाकेला हिशेबाच्या वहीत अर्थ आहे. नफा वाटताना कोण जुनी, कोण नवी, कुणाचं काम कोणतं, हे पाहायचं नाही. आणि तोट्यातही वाटा घ्यायचा.

सातजणींच्या सुमारे ४५ हजार झाल्या, त्या या रीतीमुळे, असं माझं मत आहे. नवी शाखा निघते तेव्हा पिठाच्या कृतीबरोबर ही रीतही तिथे जाते. अनोळखी गावातल्या अनोळखी बाईवर घरी नेलेल्या पिठाचा भरवसा टाकता येतो, कारण ती स्वतःचाच माल घेऊन गेलेली असते.

तरी इथे सगळं सुटलेलं नाही. जितकं लाटाल तितकी मजुरी, म्हणजे पाठ धरली किंवा गुडघे दुखू लागले की कमाई घटणार. मालकी समान असली तरी शरीर समान नसतं, आणि हा प्रश्न समान वाटपाने मिटत नाही. शिवाय सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायचे, तर वेळ लागतोच. तो वेळ मी वाया गेलेला मानत नाही. पाठीचा प्रश्न मात्र मला अस्वस्थ करतो.

लाटण्याच्या कमाईवर अनेकींनी आपल्या मुली शिकवल्या. त्या मुली उद्या पोळपाटाशी बसतीलच असं नाही, आणि त्यांनी बसावं अशी त्यांच्या आयांचीही इच्छा नसेल. पापड लाटणारी यंत्रं बाजारात केव्हाच आली आहेत. हातांना काम मिळावं म्हणून संस्थेने ती आजवर दूर ठेवली. हात कमी पडू लागले आणि यंत्र दारात आलं, तर ते कुणाच्या मालकीचं असेल, हे त्या बहिणींनी आताच बोलायला घ्यावं असं मला वाटतं.