आजीची जपमाळ

वसईतल्या आमच्या आजीचा दिवस पहाटेच्या मिस्सेने सुरू व्हायचा. लाल लुगडं, डोक्यावर मोगऱ्याची पाटी. आधी चर्च, मग बाजार. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्या आधीची कितीतरी वर्षं तिनं एकही शब्द न कळता गुडघे टेकले होते. ही निष्ठा मला फार मोठी वाटते.

संध्याकाळी जपमाळ. मणी झिजलेले, नखांत वाडीची माती. शेवटी ती एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करी. बांधावरून भांडलेल्या शेजाऱ्याचं नाव सगळ्यांत आधी. मी विचारलं तर म्हणाली, “त्याच्यासाठी मागायला जीव जड होतो, बाळा. म्हणून आधी त्याचंच.”