जमा कोणाच्या खाती?

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला शिकवावं लागत नाही. सही जुळत नाही, पासबुक आणलं नाही, साहेब जागेवर नाहीत. साऱ्या बँकिंगचं सार या तीन वाक्यांत आलं. त्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी ‘हो, आणि...’ म्हणायचं, अशीही एक विद्या आहे हे कळल्यावर मी दचकलोच.

माझा भाचा अमेरिकेत कॉलेजात शिकतो आणि तिथल्या ‘इम्प्रॉव्ह’ मंडळीत काम करतो. संहिता नाही, पाठांतर नाही, नेपथ्य म्हणजे चार खुर्च्या. प्रेक्षकांतून कोणी एक शब्द ओरडायचा, की पोरं तिथल्या तिथे प्रसंग उभा करणार. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला याचं नवल वाटणार नाही; पण तिकडे त्याचं शास्त्र झालं. शिकागोत व्हायोला स्पोलिन बाईंनी स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले. १९६३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स हे १९५५ सालच्या ‘कंपास’चे आणि १९५९ सालच्या ‘सेकंड सिटी’चे एक संस्थापक. १९८५ साली येल विद्यापीठात ‘पर्पल क्रेयॉन’ निघालं, आणि कॉलेजाकॉलेजांतून अशी मंडळं उगवत गेली. भांडवल शून्य; जुनी पोरं पदवी घेऊन जातात, नवी चाचणी देऊन येतात. असा धंदा बुडणार कसा?

यातला पहिला नियम म्हणजे नाकारायचं नाही. एक म्हणाला, “डॉक्टर, माझ्या पोटात आगगाडी शिरली,” की दुसऱ्याने म्हणायचं, “हो, आणि नेहमीसारखी लेट आहे.” “छे, कुठली आगगाडी?” म्हटलं की खेळ खलास.

रंगमंचावर हे ठीक. खोटं सगळ्यांनाच ठाऊक असतं, तेव्हा फसवणूक कोणाचीच नाही. काउंटरवर बनावट चेकला मी ‘हो, आणि...’ म्हटलं, तर माझा पुढचा प्रवेश थेट चौकशी समितीपुढे.

खरा पेच पडला तो घरात. आई ७८ वर्षांची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, हे ती विसरते. संध्याकाळी विचारते, “हे आले का रे?” खरं सांगावं तर बिचारी रोज नव्याने विधवा होते. सुटीत आलेला भाचा सहज म्हणाला, “येतायत, आजी. आणि भाजीही आणणार आहेत.”

“मेथी सांगितलीस ना? नाहीतर आणतील पडवळ!” आई हसली.

हे खोटंच, शिवाय इथे प्रेक्षकाला ते ठाऊकही नाही. मग मी कारकुनी कसोटी लावली: जमा कोणाच्या खाती? चेकवाल्याचं खोटं त्याच्याच खाती जमा होतं, हे आईच्या. पण हिशेब चोख लिहायचा तर चार आणे आमच्याही खाती पडतात, कारण संध्याकाळ शांत जाते. उद्या आपल्या सोयीचं प्रत्येक खोटं आम्ही तिच्या नावावर लिहू लागलो तर? त्या चार आण्यांवर माझा डोळा असतो.

भाचा परत गेला. आता उत्तर मलाच द्यावं लागतं. त्यातला ‘हो’ खरा करणं माझ्या हाती नाही, ‘आणि’ आहे. म्हणून ऑफिसातून येताना मेथी आणतो. पडवळ मला आवडतं, पण इलाज नाही.