हातातील काठी



आज पुनरुत्थानकाळाचा चौथा रविवार. उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून आपण तो साजरा करतो. १९६४ पासून जगभरची ख्रिस्तसभा ह्या दिवशी पाचारणासाठी विशेष प्रार्थना करीत आली आहे. एरवी ह्या रविवारी आम्ही तरुणांसाठी चार शब्द लिहितो. ह्या वर्षी मात्र तरुणांच्या आईवडिलांसाठी लिहीत आहोत. त्याला तसेच कारण घडले.

गेल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एक माऊली आमच्याकडे आली. तिच्या संमतीने, पण नाव न देता, हे लिहीत आहोत. तिच्या मुलाची बारावीची परीक्षा झाली आणि त्याच संध्याकाळी त्याने घरी सांगितले, "मला सेमिनरीत जायचे आहे." एकुलता एक मुलगा. वडिलांची तब्येत तोळामासा. ती म्हणाली, "फादर, तो तुमचे ऐकतो. तुम्हीच त्याला समजवा. तो गेला तर आम्ही कोणाकडे बघायचे?"

खरे सांगायचे तर आम्हांला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, त्यागावर कित्येक प्रवचने दिली. पण समोर आई रडत बसली असताना ती प्रवचने घशाखालीच राहिली. आम्ही तिला पाणी दिले, प्रार्थना करू म्हणालो आणि ती गेली. त्या रात्री आम्हांला कोणा संताची नव्हे, तर एका कुत्रीची आठवण झाली. हसू नका, पुढे वाचा.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही सहा आठवडे इंग्लंडमध्ये होतो. तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू सुट्टीवर गेले होते, त्यांच्या जागी सेवा करायची होती. वॉरिकशर परगण्यात लेमिंग्टन स्पा नावाचे शहर आहे. त्याच्या जवळ 'गाइड डॉग्ज' ह्या संस्थेचे श्वानपैदास केंद्र २०११ पासून आहे. अंध व्यक्तींना रस्ता दाखवणारे कुत्रे ही संस्था तयार करते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे अशी पहिली शाळा निघाली. इंग्लंडमध्ये १९३१ साली वॉलसी गावी पहिल्या चार कुत्र्यांचे शिक्षण पूर्ण झाले. त्यामागे म्युरिएल क्रूक आणि रोझमंड बाँड ह्या दोन स्त्रिया होत्या. तेथून हे काम वाढत गेले.

आमच्या त्या धर्मग्रामात एक वयस्क जोडपे होते. नवरा निवृत्त बसचालक, बायको शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली. दर बुधवारी आमचे जेवण त्यांच्याकडे असे. त्यांच्या घरी हेझल नावाची पिवळसर रंगाची लॅब्रॅडोर कुत्री होती. आम्ही पहिल्याच दिवशी विचारले, "तुमची का?" तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "नाही फादर, आमच्याकडे राहते."

ह्या उत्तराचा अर्थ आम्हांला हळूहळू कळला. संस्था पिलांसाठी निवडलेल्या माद्या केंद्रात कोंडून ठेवीत नाही. त्या कुटुंबांकडे राहतात. खाण्याचा आणि डॉक्टरचा खर्च संस्था करते. माया, वेळ आणि फिरवणे त्या घराचे. कुत्री माजावर आली की केंद्राला कळवायचे, तिला तेथे न्यायचे. नर कोणता हे केंद्र ठरवते. डोळे, सांधे, स्वभाव, मागच्या पिढ्या, सारे तपासलेले असते. मग साधारण नऊ आठवडे तिला जपायचे. ती व्याली की रात्र रात्र तिच्याजवळ बसायचे, पिलांची वजने लिहायची, आजारी पडलेल्याला बाटलीने दूध पाजायचे. पिलांचे डोळे उघडायला दोनेक आठवडे लागतात. पुढे त्यांना घरातल्या आवाजांची सवय करायची. त्या बाई मुद्दाम भांडी आपटीत, रेडिओ लावीत, दाराची घंटा वाजवीत. जे पिल्लू पुढे गर्दीतून माणसाला नेणार, त्याने आवाजाला घाबरून कसे चालेल?

आणि मग ती पिले द्यायची. सगळी.

आम्ही गेलो तेव्हा हेझलची आठ पिले पाच आठवड्यांची होती. घरभर लोळत. पुढच्या पंधरवड्यात त्यांना न्यायला गाडी आली. तो नेमका बुधवार होता. नवऱ्याने एकेक पिल्लू उचलून दिले. बाई मात्र बाहेर आल्याच नाहीत. त्या मागच्या बाजूला पिलांच्या गोधड्या धूत होत्या. धुतलेल्याच गोधड्या पुन्हा धूत होत्या. गाडी निघून गेली तरी नळ चालूच होता.

बंधू-भगिनींनो, तो नळाचा आवाज ऐकत आम्ही त्या परक्या देशातल्या स्वयंपाकघरात उभे होतो आणि आमच्या आईपाशी जाऊन पोहोचलो. आम्ही सेमिनरीला निघालो त्या सकाळी सारी आळी एसटीच्या थांब्यावर आली होती. आई आली नाही. ती मागे हौदापाशी भांडी घासत बसली होती. आम्ही हाक मारली तेव्हा वळूनही न बघता "नीट जा" एवढेच म्हणाली. सतरा वर्षांच्या पोराला वाटले, हिला काहीच वाटत नाही. ती सल आम्ही कितीतरी वर्षे मनात बाळगली. आई प्रभूघरी गेली तरी विचारायचे राहून गेले. त्या बुधवारी आम्हांला उत्तर मिळाले. त्या दिवशी घरात घासण्यासारखी भांडी नव्हतीच.

जेवताना आम्ही त्या बाईंना विचारले, "हेझलला त्रास होत नसेल?" त्या म्हणाल्या, "दोन दिवस खोल्या हुंगत फिरते. पण पिलांना दात आले तेव्हापासून तीच उठून बाजूला जात होती, फादर. ती दोन दिवसांत सावरते. मला दोन महिने लागतात."

हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. कुत्री त्याग करीत नाही. देवाने तिला जो स्वभाव दिला त्याप्रमाणे ती पिलांना पाजते आणि वेळ झाली की दूर होते. निवड करते ते माणूस. पिले जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही त्या बाईंनी आठांना जीव लावला. पिले जाणार म्हणून माया आखडती घेतली नाही आणि माया लावली म्हणून पिले रोखून धरली नाहीत. आम्हां माणसांना ह्यातले एकच कसेबसे जमते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी मालकीविषयी एक विचार मांडला. वस्तू आपली म्हणून सांभाळण्याचा व तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार माणसाला आहे. पण तिचा उपयोग करताना ती केवळ माझीच असे त्याने मानू नये, गरजवंताला द्यायला तयार असावे. हे त्यांनी धनदौलतीविषयी लिहिले. मूल ही तर वस्तूच नव्हे. मग मुलाच्या बाबतीत आपला अधिकार सांभाळण्याचाच असणार, मालकीचा कोठून येणार? त्या बाईंनी अक्विनास वाचलेला नव्हता. "आमच्याकडे राहते" ह्या दोन शब्दांत त्यांनी तो सांगितला.

पवित्र शास्त्रात तोबीतचे पुस्तक आहे. घरी गेल्यावर जरूर वाचा. तोबीत अंध झालेला. त्याने आपला पुत्र तोबिया ह्याला दूरच्या प्रवासाला पाठवले. तेव्हा आई अन्ना रडत नवऱ्याला म्हणाली की, हे मूल म्हणजे आपल्या हातातली काठी आहे, तिला तुम्ही का पाठवून दिले? अंध माणसाच्या बायकोने उच्चारलेला हा शब्द आहे, काठी! आपल्या धर्मग्रामातील त्या माऊलीचे म्हणणे ह्याहून वेगळे काय होते? आणि त्याच पुस्तकात एक छोटा उल्लेख आहे. तोबिया देवदूत राफाएलबरोबर निघाला तेव्हा त्यांचा कुत्राही त्यांच्या मागोमाग निघाला. आई रोज वाटेकडे डोळे लावून बसे. शेवटी मुलगा परतला, कुत्राही परतला आणि मुलाच्या हातून बापाला दृष्टी आली. जी काठी हातातून सुटली म्हणून आई रडली, तिनेच घरात उजेड आणला.

पण ही गोष्ट सांगून आम्ही कोणाला फसवू इच्छीत नाही. मुलगा दिला की देव दामदुपटीने परत करतो, असा हिशेब शास्त्रात नाही. हन्नाने शमुवेलला दूध तोडल्यावर शिलोच्या मंदिरात नेऊन दिले. पुढे देवाने तिला आणखी मुले दिली. पण शमुवेल मंदिरातच राहिला. ती मात्र दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. दरवर्षी माप बदलत असणार. मूल डोळ्यांआड वाढत असताना ती मनाने त्याचे माप घेत राहिली. देऊन टाकणे म्हणजे प्रेम संपवणे नव्हे, हे त्या झग्यावरून कळते.

हेझलच्या घरात फ्रिजवर एक पत्र लावलेले होते. तिच्या पहिल्या वेतातील एक पिल्लू मोठे झाले, वर्षभराहून अधिक काळ दुसऱ्या कुटुंबात वाढले, मग प्रशिक्षकांकडे शिकले आणि सुमारे दोन वर्षांचे झाल्यावर एका अंध बाईंकडे गेले. त्या बाईंनी लिहून पाठवले होते की, आज मी एकटी जाऊन दूध घेऊन आले. पत्रात एवढेच होते. तुम्हांआम्हांला दूध आणणे म्हणजे काय? पण त्या एका पिशवीभर दुधासाठी कोणीतरी रात्री जागल्या होत्या आणि धुतलेल्या गोधड्या पुन्हा धुतल्या होत्या.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती आपल्या साऱ्या धर्मग्रामाला लागू आहे. सगळीच पिले मार्गदर्शक होत नाहीत. काही बुजतात, काहींना खारी-मांजरे दिसली की राहवत नाही. अशांना दुसरे काम मिळते किंवा एखादे प्रेमळ घर मिळते. आम्ही विचारले, "मग वाईट वाटते का?" नवरा म्हणाला, "का वाटावे? त्याचे काम दुसरे होते, एवढेच." शिवाय उत्तम मार्गदर्शक कुत्रा नुसता आज्ञाधारक नसतो. धन्याने 'चल' म्हटले आणि समोरून गाडी येत असली तर तो हलत नाही. त्याला 'नाही' म्हणायलाही शिकवलेले असते.

आता आपल्याकडे पाहू. सेमिनरीतून किंवा मठातून परत आलेल्या मुला-मुलीला आपण काय म्हणतो? "परत आला," "जमले नाही वाटते," "काहीतरी भानगड असेल." लग्न जुळवतानाही तो विषय निघतो. ह्या भीतीने काही मुले नको तेथे अडकून राहतात आणि काही आईवडील मुलाला जाऊच देत नाहीत. परीक्षेच्या ह्या काळात मुलाने प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले, तर ती हार नव्हे. ज्या घराचे दार जाणाऱ्यासाठी उघडले, ते परत येणाऱ्यासाठीही तितकेच उघडे असले पाहिजे. तरच ते देणे खरे. हे पाप आपण सर्वांनी मिळून केले आहे, आम्ही धर्मगुरूंनीही. ते सोडायला हवे.

त्या माऊलीला आम्ही आता काय सांगणार? मुलाला दे, असे आम्ही सांगणार नाही. ते मागण्याचा अधिकार आमचा नाही. मागणारा वेगळा आहे आणि तो जबरदस्ती करीत नाही. मुलाला आम्ही समजावणारही नाही. त्याच्याबरोबर बसू, घाई न करता त्याचे म्हणणे ऐकू आणि वडिलांच्या आजारपणाचा विचार त्याने केला आहे का, हेही विचारू. आईवडिलांना मात्र एक शब्द देऊ शकतो. तो गेला तर तुमच्या औषधपाण्याला, दवाखान्याच्या फेऱ्यांना हा धर्मग्राम उभा राहील. 'कोणाकडे बघायचे' ह्या प्रश्नाचे उत्तर प्रवचनातून देता येत नाही, शेजारधर्मातून द्यावे लागते. ज्यांना ह्यात हातभार लावायचा आहे त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. मूल परदेशी गेले म्हणून एकटे राहणारे आईवडीलही आपल्या आळीआळीत आहेत. त्यांचीही नावे द्या.

आणि माऊली, तुमचा निर्णय काहीही होवो, रडू आले तर मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसू नका. मुलासमोर रडा. त्याला कळू द्या. आमच्या आईने आम्हांला तेवढे एक दिले नाही आणि ते समजायला आम्हांला सातासमुद्रापार एका कुत्रीच्या घरी जावे लागले.

प्रार्थना करू या: हे उत्तम मेंढपाळा, तू आमच्याकडे सांभाळायला दिलेली मुले तुझी आहेत. त्यांना जीव लावण्याचे बळ दे, सोडण्याचे धैर्य दे आणि ती परत आली तर कवेत घेण्याचे मोठे मन दे. जी माता आज वाटेकडे डोळे लावून बसली आहे, तिच्याजवळ तू बस. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू