घरात बंदूक आणण्यापूर्वी



महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात बंदूक ही केवळ सिनेमातली वस्तू नाही. भाताला लोंब्या धरल्या की रात्री रानडुकरांचे कळप खाचरात उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत लोळवून जातात. वरकस जमिनीवरची नाचणी आणि परसातली फणस-केळी वानरे ठेवत नाहीत. मुंबईला गेलेल्यांची शेते ओस पडली, तिथे रान माजले आणि त्या रानातली जनावरे उरलेल्या शेतांवर आली. म्हणून 'एखादी बंदूक घेऊन ठेवावी का?' हा प्रश्न आपल्याकडे अनेक घरांत निघतो.

हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनेही येतो. आपला हा मुलूख फौजी माणसांचा आहे. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे तर नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरांतून माणसे सैन्यात गेली. पंधरा-वीस वर्षे नोकरी करून जवान निवृत्त होतो तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आसपास असते. मुले शिकत असतात, पेन्शन पुरत नाही. मग बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर गनमॅन म्हणून काम मिळते. स्वतःची परवान्याची बंदूक असली तर ते काम लवकर मिळते. नवी बंदूक परवडत नाही, म्हणून कुणाची तरी जुनी दुनळी विकत घ्यायची असे ठरते.

या दोन्ही माणसांना 'शस्त्र वाईट, त्यापासून लांब राहा' एवढे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याचे पीक गेले त्याचे पोट उपदेशाने भरत नाही. शिवाय आपला विश्वासही इतके सोपे उत्तर देत नाही. यार्देनेच्या काठी शिपायांनी योहान बाप्तिस्त्याला 'आम्ही काय करावे?' असे विचारले, तेव्हा त्याने त्यांना शस्त्रे टाकून द्यायला सांगितले नाही; कुणाला लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगितले. म्हणजे शस्त्र बाळगणारा माणूस देवाच्या दारातून परत पाठवला जात नाही. पण त्याला काही प्रश्न मात्र विचारले जातात. ते प्रश्न आपण आज पाहू.

आधी कायद्याची बाजू. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. आपल्या जिल्ह्यात हा अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस चौकशी करतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण, डॉक्टरी दाखला आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी यांची भर घातली. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, पण एका माणसाकडे असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्न-वरातीत बेफिकीरपणे गोळ्या झाडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. जुनी बंदूक एका परवानाधारकाकडून दुसऱ्याने घ्यायची झाल्यास विकणाऱ्याने आधी लेखी कळवावे लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते.

पीक राखण्यासाठी कायदा मुळात ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो. ती पुरेशी नाही असे दिसले तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. निवृत्त जवानाला मात्र याचे नवल वाटते. त्याने वर्षानुवर्षे एसएलआर हाताळलेली असते. ७.६२ मिलिमीटरची ती रायफल चाप ओढला की एक गोळी सोडते आणि पुढची आपोआप नळीत चढवते. मॅगझिनमध्ये वीस गोळ्या असतात. 'सरकारने मला ती चालवायला शिकवली, सीमेवर विश्वासाने हातात दिली, मग गावी आल्यावर तसली एखादी जुनी रायफल घ्यायला मनाई का?' असे तो विचारतो. अशा अर्धस्वयंचलित रायफली नियमांच्या पहिल्या वर्गात येतात. त्यांचा परवाना देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसते, केंद्र सरकारच्या हातात असते आणि सामान्य अर्जदाराला तो मिळत नाही.

काही जण म्हणतात, हा तर इंग्रजांचा वारसा. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला तो राज्यकर्त्यांना प्रजेवर विश्वास नव्हता म्हणून, हे खरेच आहे. पण नियम कुणी आणि का केला हा एक प्रश्न, आणि त्यात आज काही शहाणपण आहे का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला संत थॉमस अक्वायनास यांची मदत होते. तेराव्या शतकात त्यांनी लिहिले की आपला जीव वाचवताना हल्लेखोर मेला तर ते पाप ठरत नाही. पण वापरलेले बळ गरजेपुरते असले पाहिजे. गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर तेच कृत्य अन्यायाचे होते. ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण आजही हेच सांगते, आणि ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण हे गंभीर कर्तव्य असू शकते, असेही सांगते. आता पाहा, डुक्कर हुसकायला एक बार पुरतो. दुनळीत दोन काडतुसे बसतात. हात न हलवता वीस वेळा झाडता येईल असे शस्त्र कशासाठी बनले? समोर पुष्कळ माणसे असतील, या हिशेबाने. ते हत्यार विकत घेताना आपण तो हिशेबही घरात आणतो.

निर्गमच्या पुस्तकात एक जुना नियम आहे. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर घरमालकावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे. कारण साधे आहे. अंधारात समोरचा कोण, किती, कशासाठी आला हे कळत नाही. उजेडात कळते, आणि कळल्यावर चोराचा जीवही मोलाचा ठरतो. धनाच्या बदल्यात जीव घ्यायचा नाही, ही रेघ तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमातही आखलेली दिसते. आपल्याकडे मात्र अंधाराचीच दुसरी बाजू अधिक दिसते. कोकणात रात्रीच्या शिकारीत झुडूप हलले म्हणून गोळी झाडली आणि पलीकडे आपलाच माणूस होता, असे प्रकार घडलेले आहेत. राखणीला माळ्यावर बसलेला कातकरी बांधव, पहाटे रानात गेलेली बाई, हाकारा घालणारा पोरगा, यांच्या अंगावर ओळखपत्र नसते.

गरज आणि भीती यांतला फरक ओळखणे हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्याने याचा धडा पाहिला आहे. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवण्यात आले. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पैसे घेऊन डोळेझाक केल्याबद्दल पुढे काही सरकारी नोकरांनाही शिक्षा झाल्या. त्याच काळात अभिनेते संजय दत्त यांनी एके-५६ रायफल बाळगली. कुटुंबाला धोका वाटत होता, असे त्यांचे कारण होते. दहशतवादाच्या कटाच्या आरोपातून न्यायालयाने त्यांना मुक्त केले, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दोष कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा ठरवली. त्या दिवसांत मुंबईत दंगली होत होत्या, म्हणून भीती खोटी होती असे कोण म्हणेल? पण खरी भीतीसुद्धा माणसाला कुठवर नेते, हे त्यातून दिसते. गरजेला माप असते: एवढे पीक, एवढी जनावरे, एवढे महिने. भीतीला माप नसते. एक शस्त्र घेतले की ती दुसरे मागते, आणि शस्त्र कुणाकडून येते आहे हेही विचारेनाशी होते.

आता जवानाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. सैन्यात रायफल जवानाची नसते. ती कोतमध्ये असते. सही करून मिळते, मोजून परत जाते. एक गोळी कमी भरली तर सगळ्या तुकडीला झोप नाही. त्याच्या शिस्तीमागे शेकडो माणसांची शिस्त उभी असते. घरी आणलेल्या बंदुकीमागे असे कुणी नाही. तिथे मालकालाच कोत व्हावे लागते, पहारेकरी व्हावे लागते आणि हिशेब मागणारा साहेबही व्हावे लागते. विश्वास जवानावर नाही असे नव्हे. त्याच्याभोवतीची व्यवस्था गावी त्याच्याबरोबर येत नाही, एवढेच.

म्हणून जुनी बंदूक घेताना आणि सांभाळताना जे करावे लागते ते केवळ तांत्रिक काम नाही. परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळतो का हे पाहणे म्हणजे ही वस्तू कुणाच्या रक्ताने माखलेली नाही ना, हे विचारणे. नळी उजेडाकडे धरून आत गंज, खड्डे, पोचा आहे का. उघडमिट करताना सांधा खिळखिळा झाला आहे का. चाप अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते, कारण फुटलेली नळी आधी मालकाचा हात नेते आणि शेजाऱ्याचे डोळे. आपल्या पावसाळ्यात लोखंड आठवड्यात तांबूस होते. झाडल्यानंतर गज आणि चिंधीने नळी पुसणे, तेलाचा हात फिरवणे, ठासणीची असेल तर दारूची काजळी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करणे, हे टाळता येत नाही. काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. पुसायला घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी ती रिकामी आहे का हे डोळ्यांनी पाहायचे, आठवणीवर विसंबायचे नाही. एवढा नेम वर्षानुवर्षे पाळण्याची ज्याची तयारी नाही, त्याने पैसे भरू नयेत.

आणखी एक विचार पती-पत्नींनी एकत्र बसून करावा. बंदूक घ्यावी का हे ठरवताना आपण स्वतःला शांत, शहाणे, जागरूक समजतो. पण ती बंदूक घरात असेल त्या प्रत्येक दिवशी आपण तसे असू का? घरात दारू आहे का? भावकीत बांधावरून वाद आहे का? दहावीत नापास झालेला, कर्जात बुडालेला, मनाने खचलेला कुणी आहे का? रागाचा किंवा निराशेचा झटका बहुधा ओसरतो. हाताशी बंदूक असेल तर ओसरायला वेळ मिळत नाही. हे प्रश्न पोलीस चौकशीत विचारले जातीलच असे नाही. ते आपल्याच घरात विचारायचे आहेत, आणि त्यात बायकोच्या 'नको'ला नवऱ्याच्या 'हवी'इतकेच वजन असावे.

या प्रश्नांतून गेल्यावर काहींचे उत्तर 'होय' येईल, आणि ते प्रामाणिक असेल तर आपण त्यांना नावे ठेवू नयेत. गनमॅनची नोकरी ही घामाची भाकरी आहे. पण शेतकऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वनविभागाची वेगळी परवानगी लागते. आणि बंदुकीआधी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नुकसानीचा पंचनामा करून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज, चार शेतकऱ्यांनी मिळून घातलेले कुंपण, आळीपाळीने राखण. एकट्याच्या शेतावर एकट्याची बंदूक ही पाळी बहुधा तेव्हा येते, जेव्हा वाडीने एकत्र जागायचे सोडलेले असते.

गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली ती प्रेमापोटीच. घाव बसला तो महायाजकाच्या एका चाकराच्या कानावर. ज्यांनी कट रचला त्यांना तो बसलाच नाही. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले आणि त्या चाकराचा कान बरा केला. शस्त्र हाती घेणाऱ्या भल्या माणसानेही हे आठवावे, की रागाचा नेम ज्याच्यावर असतो त्यालाच घाव बसतो असे नाही.

शेवटी एक विनंती. आजोबांच्या काळातली एखादी बंदूक माळ्यावर किंवा आढ्याला तशीच पडली असेल आणि परवान्याची मुदत संपली असेल किंवा परवानाधारक वारले असतील, तर ती 'आठवण' म्हणून ठेवू नका. ती बाळगणे कायद्याने गुन्हा आहे. वकिलाचा किंवा पोलीस पाटलांचा सल्ला घेऊन ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा करा. सणाला नातवंडे घरी येतात, आणि माळ्यावर चढायला त्यांना फार आवडते.