समुद्राकाठच्या गावासाठी मागणं

नारायणा, नांदगावच्या उन्हात बसून मी समुद्राकाठचं एक गाव मनात वसवतोय. त्याला स्वतःची वेस, स्वतःचा कारभार. वसवायला घेतलं की जंजिऱ्याचा किल्लाच डोळ्यांपुढे येतो.

चहूकडे खारं पाणी आणि तटाच्या आत गोड्या पाण्याची तळी! ही तुझीच करणी. १६८२ साली संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून वाट बांधायला घेतली, तरी किल्ला हाती आला नाही. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कित्येक तर गुलाम म्हणून आणले गेले, ते सिद्दी तिथं नवाब झाले. त्यांच्या मुलखात कोळी दर्यावर जात, भंडारी माडावर चढत. बेने इस्राएल ज्यू तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कुणाचा देव कुठला, तुला सगळंच ठाऊक.

पण जंजिरा जसाच्या तसा मी मागत नाही. सिद्दीच्या स्वाऱ्यांनी किनाऱ्यावरची गावं पोळली, माणसं धरून नेली. श्रीवर्धनच्या भटांना घरदार सोडून देशावर यावं लागलं; त्यांच्यातलेच बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. हे विसरून हात जोडले तर ती प्रार्थना खोटी. १९४८ साली सिद्दींचं संस्थान भारतात विलीन झालं. तट उभा आहे, आत वस्ती उरली नाही.

माझ्या गावाला जंजिऱ्याच्या कलालबांगडीसारखी तोफ नको, देवा. तळं दे. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात असूनही उन्हाळ्यात नळ कधी येईल याची वाट आम्ही पाहतो. पाण्याची किंमत आम्हाला सांगावी लागत नाही. त्या तळ्यावर पहिला हंडा कुणाचा, हे जात किंवा पैसा बघून ठरू देऊ नकोस. परक्या किनाऱ्यावरून आलेल्याला तिथं कामाबरोबर मानही मिळू दे. पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते, तेव्हा होड्या ओढून ठेवण्याचा धीर दे आणि त्या दिवसांत चूल पेटती राहील एवढं धान्य दे. कोळणीच्या पाटीला वाजवी भाव मिळू दे.

माझं गाव मनातच राहिलं तरी चालेल. जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचे, मुरुडचे कोळी मात्र खरे आहेत. नारळी पौर्णिमेला ते दर्याला नारळ देतील, होड्या पाण्यात लोटतील. त्यातली प्रत्येक होडी, नारायणा, माणसांसकट घरी आण.