पूल राखावा की पाडावा?

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले गाव. पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे छोटेसे स्थानक आहे. 2025 च्या जून महिन्यात त्या स्थानकाच्या बाकावर मी गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गँगमन बसले होते. मीटरगेजच्या काळात ते कामाला लागले आणि ब्रॉडगेजच्या काळात निवृत्त झाले. उभे आयुष्य त्यांनी रुळांवरून चालण्यात घालवलेले. माझ्या हातातील वर्तमानपत्रात तळेगावजवळ कुंडमळा येथे 15 जून रोजी इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळल्याची बातमी होती. रविवारची गर्दी, चौघांचा मृत्यू, पन्नासावर जखमी. मी ती त्यांना वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पूल एकदम पडत नसतो, फादर. आधी सांगत असतो. ऐकायला माणूस लागतो.”

त्यांचे हे शब्द मनात घर करून राहिले. अशी दुर्घटना घडली की आपल्याकडे दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, जुने सारे पूल पाडून टाका. दुसरा म्हणतो, पूर्वजांचा वारसा जपा. दोन्ही पक्ष तळमळीने बोलतात. परंतु या वादात नैतिक प्रश्न नेमका कोणता आहे, याचा विचार सहसा होत नाही. तो आज आपण करून पाहू.

जुन्या पुलावर माणसाने प्रेम करावे, यात गैर काही नाही. पूल ही एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेली देणगी असते. ज्यांनी तो बांधला, त्यांना आपली नावे ठाऊक नव्हती आणि आपल्याला त्यांची ठाऊक नाहीत. तरी त्यांच्या कष्टांवरून आपण कोरड्या पायांनी पलीकडे जातो. मध्ययुगीन युरोपात पूल बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई. फ्रान्समधील आव्हिन्यों येथील ऱ्होन नदीवरचा पूल संत बेनेझे यांच्या नावाने ओळखला जातो. बाराव्या शतकात उभारलेल्या त्या पुलावर संत निकोलस यांचे छोटे देवालयही आहे. असा पूल म्हणजे नुसते दगड नव्हेत. ती कृतज्ञतेची जागा असते, आणि कृतज्ञता विसरलेला समाज भविष्यासाठीही काही उभारत नाही.

परंतु या प्रेमाला दुसरी बाजू आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील 1928 सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला. त्यासोबत दोन एस.टी. गाड्या आणि एक खासगी मोटार अंधारात नाहीशी झाली. चाळीसच्या आसपास माणसे त्यात होती. त्यांतील कुणीही त्या पुलाच्या वयाचा, पायाचा वा प्रकृतीचा विचार करून गाडीत बसले नव्हते. तिकीट काढले, खिडकीशी डोके टेकले आणि घर गाठायच्या विचारात डोळे मिटले. पलीकडे त्यांची वाट पाहणारी दारे रात्रभर उघडी राहिली असतील. त्या कुटुंबांसमोर उभे राहून ‘वारसा’ हा शब्द उच्चारण्याचे धैर्य आपल्यापैकी कुणाला होईल?

मग जुने ते सारे पाडावे काय? येथे घाई करून चालणार नाही, कारण वय म्हणजे दुर्बलता नव्हे. गोव्यात पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लिन्हारेसचा पूल 1633-34 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्या मार्गावरून आजही वाहतूक चालते. त्याच पणजीत मांडवीवर 1970 साली आधुनिक तंत्राने बांधलेला पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला. साडेतीनशे वर्षांचा म्हातारा उभा राहिला आणि सोळा वर्षांचा तरुण पडला! कुंडमळ्याचा पूलही काही फार प्राचीन नव्हता. आपल्या रेल्वेचे तर हजारो पूल शंभरी ओलांडून गेले आहेत आणि त्यांवरून रोज लाखो माणसे सुखरूप जातात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो. वरून भार आला की तो कमानीच्या अंगाने खांबांकडे आणि खांबांतून पायाकडे उतरतो. नीट बांधलेली कमान त्यामुळे शतकानुशतके टिकू शकते. तिचे मरण बहुधा खालून येते. पुराचे पाणी खांबाच्या मुळाशी भोवरे करते आणि पायाखालची माती व वाळू ओढून नेते. नदीतून माणसाने बेसुमार वाळू उपसली की हे काम अधिकच सोपे होते. वर सांध्यात पिंपळाचे रोप रुजते, मुळे चुन्याचा दर्जा फोडतात, पाणी आत शिरते. वरून पाहणाऱ्याला डांबरी रस्ता गुळगुळीत दिसत असतो. रोग पाण्याखाली असतो. सावित्रीवरील पुलाची पाहणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असे तेव्हा शासनातर्फे सांगण्यात आले होते. पाहणी आणि पाहणे यांत किती अंतर असू शकते!

प्रश्न आणखी अवघड करणारे एक उदाहरण कोल्हापूरचे आहे. पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला. तो वृद्ध झाला म्हणून शेजारी नव्या पुलाचे काम सुरू झाले. परंतु लगतची ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ आहे. तिथल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष मिळाले आणि ग्रीकांच्या सागरदेवाची कांस्यमूर्तीही सापडली. अशा स्थळालगत बांधकामास मनाई करणारा कायदा आहे आणि तो असायलाही हवा. त्या कायद्यामुळे नव्या पुलाचे बरेचसे झालेले काम अडून राहिले. 26 जानेवारी 2018 च्या रात्री देवदर्शन करून परतणाऱ्या कुटुंबांची एक मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. तेरा जणांचे प्राण गेले. जुना पूल कोसळला नव्हता, तेव्हा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. परंतु शेजारचा रुंद पूल पुरा झाला असता तर ती गाडी त्या जुन्या पुलावर आलीच नसती, हा विचार मनातून जात नाही. नवा पूल पुढे 2019 मध्ये खुला झाला. वारसा जपण्याचा कायदा माणसासाठी असतो. तो माणसाच्या वाटेत अडसर होऊन बसला तर त्यातून लवकर मार्ग काढणे हे कायदा राबवणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. शब्बाथाविषयी प्रभू येशूने परूश्यांना जे सुनावले, ते येथेही लागू पडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूल म्हणजे नैतिकदृष्ट्या काय? माझ्या मते पूल हे एक वचन आहे. ‘माझ्यावर पाऊल ठेव, मी तुला पलीकडे नेईन’ असे तो प्रत्येकाला सांगतो. पाऊल ठेवणारा त्यावर विश्वास टाकतो, कारण त्याला तपासणी करता येत नाही. विश्वास टाकणाऱ्याची फसवणूक हे साधे दुर्दैव नसते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात अपघाती मृत्यूचा विचार करताना म्हटले आहे की, घ्यायला हवी ती काळजी ज्याने घेतली नाही, तो त्या मृत्यूच्या दोषातून मुक्त होत नाही, मग त्याचा हेतू मारण्याचा नसला तरी. पाचव्या आज्ञेची मर्यादा हातातल्या शस्त्रापाशी संपत नाही. न उघडलेली फाइल आणि न केलेली दुरुस्तीही तिच्या कक्षेत येतात.

आणखी एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. पुलावर प्रेम करणारा आणि पुलाचा धोका पत्करणारा हे बहुधा एकच नसतात. जुन्या कमानींचे छायाचित्र काढणारा काठावर उभा असतो. वरून एस.टी.त बसून कामगार, विद्यार्थिनी, दवाखान्यात निघालेली आजी जात असते. माझ्या आवडीची किंमत दुसऱ्याने प्राणांनी मोजावी, हे न्यायाचे नाही. तसेच, ज्या वस्त्यांना ओढ्यावर साधा पूलही नाही आणि पावसाळ्यात ज्यांची मुले शाळेला मुकतात, त्यांच्याआधी शोभेच्या दगडांवर खर्च करावा काय, हाही प्रश्न आहे. गरज आधी, शोभा नंतर, हे माझे उत्तर आहे. मात्र भक्कम जुना पूल वेळेवर दुरुस्त करणे ही शोभा नव्हे. ती काटकसर आहे.

तेव्हा ‘राखावा की पाडावा’ या दोनच वाटा नाहीत. एक तिसरी वाट आहे आणि आपण सर्वाधिक तीच चालतो. ती म्हणजे राखायचाही नाही आणि पाडायचाही नाही. गोव्यात कुडचडे येथे पोर्तुगीज काळातला एक पादचारी पूल वापरासाठी बंद केलेला होता, पण जागेवर तसाच उभा होता. मे 2017 मध्ये नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध पाहण्यासाठी लोक त्यावर जमले आणि तो गर्दीसह पाण्यात गेला. कुंडमळ्यालाही धोक्याची सूचना देणारा फलक होता आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. फलक लावला, म्हणजे आपले काम झाले! पिलाताने हात धुतले होते. आपण फलक रंगवतो.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. पूर्वीच्या एका धर्मग्रामात चर्चच्या आवाराची एक जुनी दगडी कमान होती. तिला तडे गेले होते. तरुण म्हणत, पाडा. वृद्ध म्हणत, आमच्या आजोबांनी दगड वाहिले आहेत, हात लावू नका. मला कुणालाच दुखवायचे नव्हते. ‘पाहू’, ‘विचार करू’, असे म्हणत मी दोन पावसाळे जाऊ दिले. तिसऱ्या वर्षी एका रविवारी धर्मशिक्षणाची मुले त्या कमानीखालून वर्गात गेली आणि थोड्याच वेळात वरचा एक मोठा दगड खाली आला. कुणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्याला सबुरी समजत होतो. खरे तर तो भित्रेपणा होता. निर्णय पुढे ढकलणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याचे फळ बहुधा निष्पापांच्या डोक्यावर पडते.

मग कोणत्या कसोटीवर निर्णय घ्यावा? माझ्या अल्पमतीने तो भावनेवर सोपवू नये आणि केवळ वयावरही नाही. जाणकारांनी पाण्याखाली उतरून पायापर्यंत तपासणी केली आहे काय? दरवर्षी दुरुस्तीसाठी पैसा आणि उत्तरदायी माणूस नेमला जाणार आहे काय? शेजारी नवा पूल बांधून वृद्धाच्या खांद्यावरचा अवजड भार उतरवता येईल काय? या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळाले तर पूल अवश्य राखावा. घरातल्या वृद्धाला आपण पोती वाहायला लावत नाही, आणि घराबाहेरही काढत नाही, तसेच हे. आव्हिन्योंच्या पुलाला ऱ्होनचे पूर वारंवार झोडपत राहिले. अखेर सतराव्या शतकात लोकांनी तो वापरायचे सोडून दिले. बावीस कमानींपैकी आज चारच उरल्या आहेत. त्या कुणाला पलीकडे नेत नाहीत, पण माणसे आदराने त्यांवर जाऊन उभी राहतात.

उत्तर ‘नाही’ असे आले, तर मात्र मन घट्ट करून पूल उतरवावा. खंडाळ्याच्या घाटातला 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीने द्रुतगती मार्ग ओस पडला असताना पाडण्यात आला. अनेकांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण त्याचे खांब त्या वळणावर वाहतुकीची कोंडी करत होते. निरोप देण्यातही आदर असू शकतो. मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत, कोरीव शिळा जपावी, तो कुणी आणि का बांधला हे मुलांना सांगावे. पूर्वजांनी पूल बांधला तो लोकांनी सुखरूप पलीकडे जावे म्हणून. तो हेतू राखणे हाच त्यांच्या वारशाचा गाभा आहे. दगड त्या हेतूची सेवा करतात तोवर ते प्रिय मानावेत.

वाचकहो, सावित्रीचा पूल गेला त्या रात्री जवळच्या एका गॅरेजमधील माणसाने आवाज ऐकला. तो पावसात बाहेर आला आणि येणारी वाहने थांबवू लागला. तो अभियंता नव्हता, अधिकारीही नव्हता. त्याला कुणी नेमले नव्हते. आपल्या गावाच्या पुलाखाली पिंपळ रुजला असेल, कठडा ढासळला असेल, पायथ्याशी वाळू उपसली जात असेल, तर ते पाहणारे पहिले डोळे आपलेच असतात. ग्रामसभेत ते बोलावे, लेखी द्यावे, पुन्हा विचारावे.

चुडाव्याच्या स्थानकावर गाडी आली तेव्हा त्या वृद्ध गँगमनने मला हात धरून डब्यात चढवले. मी विचारले, “काका, पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन पुलावर जाताना भीती वाटत नव्हती का?” ते म्हणाले, “वाटायची की. पण गाडीत झोपलेली माणसं माझ्या भरवशावर झोपलेली असायची.”